बुजवलेली फळी

१

टिकाराम वाढई सकाळी कामाला बसण्याआधी मातीच्या वाटीत लाख तापत ठेवायचा. रंधा, पटाशी, करवत ही हत्यारं मागाहून. लाकूड म्हटलं की खोट आलीच, असं त्याचं म्हणणं. सागवान झालं म्हणून काय, कुठं गाठ निखळते, कुठं चीर जाते, कुठं भुंग्यानं पोखरलेलं असतं. गोरेगावच्या आसपास वाढई पुष्कळ होते, पण खोट झाकावी ती टिकारामनंच. तापल्या लाखेत त्याच लाकडाचा बारीक भुसा, चिमूटभर गेरू आणि नखावर मावेल एवढं काजळ मिसळायचं, गरम असतानाच भोकात दाबायचं आणि वाळलं की रेजमाल कागदानं हळूहळू घासत बसायचं. शेवटी मोराच्या पिसाच्या टोकानं त्यावर रेषा ओढायच्या. लाकडाची रेष आणि टिकारामची रेष अशी एकमेकींत मिसळायची की दुसऱ्या दिवशी खुद्द त्यालाही जागा सापडायची नाही. मग तो बोटाच्या पेरानं ठोकून पाहायचा. चांगलं लाकूड टणटण वाजे, बुजवलेली जागा बद्द वाजे.

यात त्याला कधी लबाडी वाटली नाही. "बाई कुंकू लावते, ते का लबाडी हाय?" असं तो रुख्माला, आपल्या बायकोला म्हणायचा.

"कुंकू दिसाले लावतेत जी," रुख्मा म्हणायची. "तुम्ही झाकाले लावता."

आपला भाग मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कुंजीलाल रहांगडाल्यांच्या थोरल्या मुलीचं, सुखवंताचं, लग्न ठरलं. घर पोवाराचं, धानाची जमीन चांगली, माणूस मानी. आंदणात द्यायच्या आलमारीसाठी कुंजीलालनं देवरीकडून सागाच्या फळ्या स्वतः निवडून आणल्या आणि टिकारामच्या छपरीत टाकल्या. "जावयाच्या घरी लोकायनं पाहत राहिलं पाहिजे," एवढंच बोलला.

आणि टिकारामनं डाव्या पल्ल्याची, म्हणजे डाव्या दाराची, फळी वीतभर आखूड कापली.

कशी कापली, ते त्याला नंतर कधी सांगता आलं नाही. माप त्यानंच घेतलं होतं, खडूची रेघही त्यानंच ओढली होती. करवत चालवून फळी उचलली तेव्हा कळलं. नवशिक्यानं करावी अशी चूक. कुंजीलालकडे जाऊन "पटेलजी, फळी वाया गेली" एवढं म्हटलं असतं, तर तो चार शब्द बोलला असता आणि दुसरी फळी आली असती. पण टिकारामच्या तोंडून ते निघेना. ज्याच्या हाताचं गावभर नाव, त्यानं काय म्हणून सांगावं? त्यानं कापलेले तुकडे गोवऱ्यांच्या ढिगाआड सारले आणि छपरीत दुसरी फळी धुंडाळू लागला.

ती मागच्या कुडाला टेकून उभी होती. सागाचीच. रंग तोच, पोत तोच, लांबी-रुंदी जणू मापानं कापलेली. ती कधी आणली, कोणाकडून आणली, हे काही केल्या त्याला आठवेना. तसं छपरीत बरंच काही पडून असे, त्यामुळं त्यानं आठवायचा फार प्रयत्नही केला नाही.

फळीत खोट एकच होती. मधोमध एक गाठ निखळून अंगठ्याएवढं भोक पडलेलं. आत लाकूड सडलं तर नाही ना, हे पाहायला त्यानं भोकात बोट घातलं.

फळी दीड इंच जाडीची. बोट मुळापर्यंत आत गेलं, आणि तरी कशाला टेकलं नाही.

त्यानं बोट तसंच ठेवून दुसरा हात फळीच्या मागून फिरवला. मागची बाजू अखंड, गुळगुळीत. आत दमट ऊब होती. निजलेल्या माणसाच्या तोंडात बोट जावं तशी.

२

पोकळी तिरपी गेली असेल, रेषेरेषेनं आत पसरली असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. झाडाच्या पोटात काय काय असतं! समजूत घालता घालता तो लाख तापवू लागला.

पहिली वाटी भोकात गेली आणि दिसेनाशी झाली. दुसरी गेली. टिकारामनं पुन्हा भुसा चाळला, पुन्हा गेरू कालवला. रुख्मा पाण्याची घागर घेऊन आली तेव्हा चुलीवर वाटीऐवजी भांडं होतं आणि तो घामाघूम झाला होता.

"एवढी लाख कायले लागून राहिली?" ती म्हणाली. "घराची भिंत बुजवता का?"

"मोठं काम हाय," तो म्हणाला आणि फळीच्या आड झाला. बायकोपासून काम लपवायची त्याची ती पहिलीच वेळ.

उन्हं कलता कलता भोक भरलं. एकाएकीच भरलं. आतून कोणी आता पुरे म्हणावं तसं. लाख वर आली आणि फळीच्या अंगाबरोबर थांबली. दाबायला अंगठा टेकवला, तर दाबायला काही उरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं घासलं, रेषा ओढल्या, वरून चांद्रसाचं रोगण चढवलं. जन्मात झालं नव्हतं इतकं ते काम साधलं.

लग्नाच्या दिवशी आंदणाचं सामान मांडवात मांडलं होतं. बायका येऊन आलमारीवरून हात फिरवत होत्या. "आरशासारखी केली," म्हणत होत्या. कुंजीलालनं चार पाहुण्यांसमोर टिकारामच्या खांद्यावर हात ठेवला. "याच्या हातात देव हाय," म्हणाला. टिकारामनं मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. एक म्हातारी डाव्या पल्ल्यापाशी जरा जास्त वेळ थांबली, तळवा तिथंच ठेवून. मग तिनं हात काढून लुगड्याला पुसला आणि जेवणाच्या पंगतीकडं निघून गेली.

३

धान कापून खळ्यावर आलं त्या दिवसांत कुंजीलाल छपरीत आला. बसला नाही. हातातली काठी जमिनीवर टेकवत राहिला.

"सुखवंताकडून निरोप हाय. आलमारीत आवाज होते म्हणते."

"कसा आवाज?"

"मले का मालूम? तिची सासू हासून राहिली. जावई काही बोलत नाही. तू चाल अन् पाहून दे एक डाव. तुह्या तोंडून गेलं का त्यायची खात्री पटंल."

देवरीच्या रस्त्यानं दोघं मोटारीतून गेले आणि मधेच उतरून पुढं पायी गेले. सुखवंताची सासू सुमित्राबाई अंगणात सूप घेऊन बसली होती. तिनं कुंजीलालला पाणी दिलं, विचारपूस केली आणि मग कोणाकडं न पाहता बोलू लागली.

"पोरगी दिवसभर त्या आलमारीपाशी बसून राहते जी. लाकडाले कान लावते. शेजारच्या बायका पाहून गेल्या. आमच्या घराले असं कधी झालं नाही. डोक्यात काही फरक असंल तं आत्ताच सांगा, मनात ठेवू नका. घेऊन जा मंग तुमची पोरगी."

कुंजीलालचा चेहरा काळवंडला. सुखवंताचा नवरा चुन्नीलाल खाटेवरून उठला, टिकारामजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काकाजी, तुम्हीच केलेली वस्तू हाय. तुम्ही म्हणाल ते खरं मानू."

खोली माजघराला लागून होती. एका अंगाला धानाची कोठी, वर कवेलूंचं छप्पर, हातभर खिडकी. कोपऱ्यात आलमारी. सुखवंता बाजूला भिंतीला पाठ लावून उभी होती. लग्नात गालांवर हसू मावत नव्हतं त्या पोरीचं, आता डोळ्यांखाली काळं धरलं होतं.

"दुपारी होते काका," ती म्हणाली. "घरचे सारे खळ्यावर गेले का. कोणी तरी आतून घासून राहते. तुम्ही रेजमाल घासत नव्हते का, मी पाहाले यायची तेव्हा? तसंच. हळूहळू. कामाची घाई नाही असं."

"भुंगा असंल बाई. लाकडाले लागते."

"भुंगा कुरतडते. हे घासते. पहिले या पल्ल्यातून यायचं." तिनं डावीकडं बोट केलं. "आता तिथून नाही येत."

"मंग कुठून येते?"

तिचा हात नकळत मानेकडं गेला आणि खाली आला.

टिकारामनं पेर वाकवून डावा पल्ला ठोकायला सुरुवात केली. वरून खाली. टण. टण. टण. मधोमध आला, थांबला, श्वास धरून ठोकलं. टण. त्याच्या भोवती ठोकलं, पुन्हा खालून वर ठोकलं. बद्द आवाज कुठंच नाही. त्यानं डोळे अगदी जवळ नेले, नखानं चांद्रस खरवडून पाहिला. खाली लाकूड होतं. साधं, चांगलं, अखंड लाकूड. भोक कधी पडलंच नव्हतं असं.

आनंद व्हायला हवा होता. पण त्यानं हात मागं घेतला. बुजवलेली जागा सुटते, पडते, फुगते, हे त्यानं उभ्या जन्मात पाहिलं होतं. बुजवण नाहीसं होऊन त्या जागी लाकूड येतं, हे कधी पाहिलं नव्हतं. एवढं भांडंभर बुजवण गेलं कुठं?

"काका," सुखवंता म्हणाली. तिचा आवाज आता अगदी हळू होता. "एकच सांगा. त्या लाकडात काही होतं का? होतं तं माह्यासमोर नका सांगू, बाहेर त्यायच्यासमोर सांगा. तुमाले कोणी काही म्हणणार नाही, लाकूडच ते. पण मी खोटी ठरून राहिली जी. बाबूजी पण मले खोटी समजून राहिले."

टिकाराम अंगणात आला. सगळे त्याच्याकडं पाहू लागले. सुखवंता उंबऱ्यात उभी राहिली. त्याच्या ओठांवर शब्द तयार होता. फळी आखूड कापली, दुसरी लावली, तिच्यात पोकळी होती, ती मी बुजवली. एवढंच तर होतं. पण त्याला कुंजीलालचा मांडवातला हात आठवला, पाहुणे आठवले, आणि आधी एवढं साधं न सांगता आता सांगायचं, म्हणजे तेव्हाच का नाही सांगितलं हेही सांगावं लागणार, हे ध्यानात आलं.

तेवढ्यात आतून आवाज आला.

खस. खस. खस. कशाची घाई नाही, कोणाची भीती नाही. जीव लावून काम करणाऱ्या माणसाचा हात. टिकाराम तो हात ओळखत होता. त्याचा स्वतःचाच होता.

सुमित्राबाई सूप पाखडत होती, कुंजीलाल काठीच्या मुठीकडं पाहत होता. कोणी मान वळवली नाही. फक्त सुखवंतानं टिकारामकडं पाहिलं आणि तिच्या ध्यानात आलं की त्यालाही ऐकू आलंय. तिचा चेहरा एकदम उजळला. सोबत मिळाल्यावर माणसाचा उजळतो तसा.

"लाकूड एकसंध हाय," टिकाराम म्हणाला. "एक गाठ नाही त्यात. आवाज-बिवाज काही नाही."

सुखवंता रडली नाही. तिनं पदर पुढं ओढला आणि आत वळली, त्या आवाजाच्या दिशेनं.

४

परतीच्या वाटेवर कुंजीलालनं त्याचे दोन्ही हात धरले. "तू होता म्हणून इज्जत राहिली गा." टिकारामला ते हात सोडवून घ्यावेसे वाटत होते. पण सोडवले नाहीत.

मग थंडी पडली. भुंगाच असेल, असं टिकाराम स्वतःला रोज सांगायचा. उन्हातान्हातून चालून गेलो, कानात रक्त घुमलं असेल. भिंतीत उंदीर असेल. लाख आत जिरली असेल, लाकूड फुगलं असेल, चांद्रसाखाली जागा दिसली नसेल. एकेक कारण घ्यायचा, तासून नीट करायचा, बसवून पाहायचा. सगळी कारणं बसत होती. फक्त तिचा तो उजळलेला चेहरा कशात बसत नव्हता.

गोरेगावच्या बाजारात कोणी "वाढईबाबा" म्हणून हाक मारली तरी तो दचकायचा. आपल्याला पाहून लोक कुजबुजत असावेत असं वाटायचं, आणि ते कुजबुजत नव्हते, उलट राम राम घालत होते, हे जास्तच लागायचं. कोणी दुरुस्तीला पाट आणला, पेटी आणली, तर तो परत पाठवायचा. लाख त्याच्या हातात धरेना. तापवली की करपायची.

एक दिवस कुंजीलाल रस्त्यात भेटला. खुशीत होता. "पोरगी सुधारली," म्हणाला. "आता काही कुरकूर नाही. सासूच तारीफ करून राहिली. तुह्या शब्दानं काम केलं."

टिकाराम घरी आला आणि चुलीपुढं बसला. रुख्मा भाकर थापत होती. तिनं काही विचारलं नव्हतं, तरी तो बोलू लागला आणि सगळं बोलला. आखूड कापलेली फळी, ते भोक, ते अंगण, तो आवाज. बोलताना वर पाहिलं नाही. ऐकता ऐकता तव्यावरची भाकर जळाली.

"पोरीनं तुमाले काका म्हटलं," रुख्मा जळकी भाकर उतरवत म्हणाली. "अन् तुम्ही तिले साऱ्यायसमोर खोटं पाडलं."

"मी का करू आता?"

"जा अन् सांगा. तिले सांगा, तिच्या बापाले सांगा. लाज वाटंल. वाटू द्या. लाजेनं कोणी मरत नाही जी."

५

देवरीच्या रस्त्यानं तो एकटा गेला. पल्ल्याचे कब्जे, बिजागऱ्या पाहायला आलो, असं सांगायचं ठरवलं होतं. सुमित्राबाईनं हसून स्वागत केलं.

"आता सोन्यासारखी हाय तुमची पोरगी," ती म्हणाली. "बोलणं कमी, काम जास्त. अशी सून सात गावात मिळणार नाही."

आलमारीच्या खोलीत उजेड बरा होता. टिकारामनं उंबऱ्यातूनच पाहिलं आणि तिथंच थांबला. डाव्या पल्ल्यात मधोमध भोक होतं. अंगठ्याएवढं, काठ स्वच्छ, पहिल्या दिवशी होतं तसं. खाली भुशाचा कण नाही, लाखेचा तुकडा नाही. घरच्यांनी त्या भोकात सुतळी ओवून तिला ओलं फडकं अडकवलं होतं. सुतळीचं दुसरं टोक अर्धवट उघड्या पल्ल्याच्या मागून निघालं होतं. भोक साधं, आरपार होतं.

मागं पावलं वाजली. सुखवंता पाण्याचा गडवा घेऊन आली होती. डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. गाल भरले होते.

"बसा ना काका."

तो बसला नाही. उभ्यानंच बोलला, भराभर, वाटेत घोकलेलं विसरून जाईल या भीतीनं. "बाई, चूक माही होती. त्या फळीत पोकळी होती. मले मालूम होतं. त्या दिवशी आवाज मले पण आला. मी खोटं बोललो. तू खरी होती."

सुखवंता ऐकत राहिली. चेहऱ्यावरचं हसू जराही हललं नाही.

"कोणती पोकळी काका?"

"डाव्या पल्ल्यातली. तूच तं..."

"ते का? ते भोक तं बरं हाय, फडकं अडकवाले." ती म्हणाली. आवाज गोड होता, कुठं चढ नाही, कुठं उतार नाही. "मले काही आवाज नाही येत आता. बहुत बरं वाटते."

तिनं गडवा पुढं केला तेव्हा पदर खांद्यावर आला. खिडकीतलं ऊन तिच्या मानेवर पडलं.

दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं. तिच्या नवऱ्याला नाही, आईला नाही. डाव्या कानाखाली, मानेच्या उतारावर, अंगठ्याएवढी एक जागा होती. रंग तोच, मऊपणा तोच. कातडीवरच्या बारीक बारीक रेषा तिथंही होत्या आणि बाजूच्या रेषांना हुबेहूब मिळाल्या होत्या. जरा जास्तच हुबेहूब. त्या जागेवर एक माशी येऊन बसली, चालली, थांबली. सुखवंताची मान थरारली नाही.

मग माशी उडाली आणि सुखवंतानं सहज म्हणून तिथं बोटं नेली, खाजवलं.

खस. खस. खस.

टिकारामच्या हातून गडवा निसटला. पाणी जमिनीवर पसरलं. "राहू द्या काका," ती म्हणाली आणि पुसायला खाली वाकली. वाकलेल्या मानेकडं आता त्यानं पाहिलं नाही. सुमित्राबाई अंगणातून काही विचारत होती, तिला काय उत्तर दिलं तेही त्याला आठवत नाही. रस्त्यावर आल्यावर कळलं की वहाणा तिथंच राहिल्या.

६

तो तसाच अनवाणी कुंजीलालच्या घरी गेला. कुंजीलाल ओट्यावर एकटाच बसला होता. आतून त्याच्या धाकट्या मुलींचं हसणं ऐकू येत होतं.

"पटेलजी, मले बोलाचं हाय."

"बस."

तो ओट्याच्या खाली, जमिनीवर बसला आणि बोलला. या वेळी काही राखलं नाही. फळीपासून मानेपर्यंत सगळं. बोलताना कान तापले, डोळ्यांत पाणी आलं. कुंजीलाल मारील, शिव्या घालील, गाव गोळा करील, असं त्याला वाटत होतं. किंबहुना तसं व्हावं असंच वाटत होतं.

कुंजीलालनं आतल्या दाराकडं एकदा पाहिलं.

"मांडवात मी त्या पल्ल्यावर हात ठेवला होता," मग तो म्हणाला. "गरम होता. तापल्या अंगासारखा. मले तेव्हाच समजलं, यात काही हाय."

टिकारामनं मान वर केली. "मंग बोलला काऊन नाही?"

"पाहुणे बसले होते गा. वरात दारात. का बोलू?" तो अंगणाकडं पाहत होता. "अन् मंग पोरगी म्हणे आवाज येते. मी म्हटलं, खोटं बोलते. दोन पोरी हायेत मागं. थोरली परत आली तं त्यायले कोण करंल?"

"पण आता ते जे हाय, ते..."

"आता ते नांदून राहिलं." कुंजीलालचा आवाज एकदम कठीण झाला. "हासते, काम करते, सासू खुश हाय. मी जाऊन पाहून आलो. मी काही पाहिलं नाही. तू पण काही पाहिलं नाही. कायले उकरतं?"

आतलं हसणं थांबलं होतं. कुंजीलाल उठला, धोतर झटकलं आणि जरा नरम झाला. "मधलीचं पण जुळून राहिलं वैशाखात. आलमारी तूच करजो. दुसऱ्याले नाही देणार मी."

नाही म्हणायचं टिकारामनं मनात ठरवलं. तोंड उघडलं.

"हव जी," तो म्हणाला.

वाटेला लागला तेव्हा सूर्य मावळतीला टेकला होता. आपण हे काय बोललो, म्हणून त्यानं स्वतःला दूषण द्यायला सुरुवात केली. इतके दिवस सवयच झाली होती. पोरीचा चेहरा आठवायचा, की छातीत डावीकडं काहीतरी फाटायचं, कान तापायचे. त्यानं आठवला. काही झालं नाही. अंगण आठवलं, ती उंबऱ्यात उभी होती ते आठवलं. दातदुखी गेल्यावर जीभ त्या दाताला लावून लावून पाहावी तसं तो पुन्हा पुन्हा आठवून पाहत राहिला. जिथं दुखायचं तिथं आता सपाट होतं. छान, गुळगुळीत. पाय हलके पडत होते. वाटेत कोणी राम राम केला, त्यानं हसून परत केला.

रुख्मा दारातच वाट पाहत होती. "सांगितलं का?"

"सांगितलं ना."

"मंग? का म्हणाले?"

"काही नाही. सारं ठीक हाय." त्यानं हातपाय धुतले, पाटावर बसला. "भूक लागली बाप्पा. वाढ."

किती दिवसांनी त्यानं असं मागून घेतलं होतं! रुख्मानं भात वाढला, वरण वाढलं, चिमणी जवळ सरकवली. तो मजेत जेवू लागला. मधलीच्या लग्नाचं काम आलंय, लाख आणायला पाहिजे, असं सांगत होता. ती समोर बसून ऐकत होती. आधी तिच्या चेहऱ्यावर बरं वाटल्याची खूण होती. मग ती ऐकायची थांबली आणि नुसती पाहू लागली. तिनं चिमणी उचलली आणि त्याच्या चेहऱ्याच्या बाजूला धरली, अगदी जवळ.

"का पाहतं?" तो हसून म्हणाला.

रुख्मा पुढं वाकली. तिचा मोकळा हात त्याच्या डाव्या कानाखाली, मानेपर्यंत आला, तिथंच हवेत थांबला आणि मागं गेला. चिमणी तिनं हळूच खाली ठेवली. मग बसल्या जागेवरून ती मागं सरकली, आणखी सरकली, पाठ कुडाला टेकेपर्यंत.

"आणखी भात आण ना," टिकाराम म्हणाला.